आक्कांची उखळ, माझी बिजागरी

शाळेत सांध्यांचा धडा आला की मी वर्गाचं दार उघडझाप करून दाखवायची. हा बिजागरीचा सांधा. दार जसं एकाच बाजूला फिरतं, तसा गुडघा एकाच बाजूला वाकतो. मग एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या पोकळीत धरून फिरवायची आणि सांगायची, हा उखळीचा सांधा, खांदा आणि खुबा असे फिरतात. मुलं आपापल्या मुठी फिरवून बघायची. बेळगावच्या मराठी शाळेतली माझी नोकरी संपेपर्यंत हे असंच चाललं. बिजागरी झिजली तर काय होतं, असं कुठल्या मुलानं विचारलं नाही, आणि मलाही ते कधी सुचलं नाही.

ते कळलं निवृत्तीनंतर, माझ्याच डाव्या गुडघ्यामुळं. आधी जिना उतरताना कळ यायची. मग बसल्यावर उठताना. मग चालताना आतून करकर आवाज यायला लागला, पायाखाली वाळू आल्यासारखा. तेल झालं, शेक झाला, लेप झाले. गुडघ्यात इंजेक्शन झालं, त्यानं काही महिने बरे गेले. पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला बाक घेत होता आणि साडीच्या घोळात तो झाकला जात होता, म्हणून मीही तिकडं बघत नव्हते.

सुगीच्या दिवसांत माहेरी गुंजीला गेले होते. भाताची मळणी चालली होती आणि मला खळ्यावर जायचं होतं. मध्ये एक बांध आडवा आला. उंच नव्हता, लहानपणी मी तो उडी मारून ओलांडायची. त्या दिवशी त्याच्यापुढं उभी राहिले आणि कुठला पाय आधी टाकावा तेच कळेना. भाऊ पलीकडून म्हणाला, "राहू दे ताई, तिथंच थांब. च्या घेऊन येतो." मी बांधाच्या अलीकडं उभ्या उभ्या चहा प्याले आणि परत फिरले. परतीच्या गाडीत चढताना दोन अनोळखी माणसांनी मला खालून वर ढकललं आणि एका बाईनं आतून ओढलं. तिघंही भली माणसं, पण मला पोत्यासारखं वाटलं. घरी आल्यावर चप्पल काढता काढताच मी ह्यांना म्हणाले, "अहो, ऑपरेशन करून टाकू या."

ह्यांचं सगळं आयुष्य उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर उभं राहून गेलेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि दोन हाडांमधली फट कशी बुजली आहे ते दाखवलं. मला ती फट बघून वाईट वाटलं. ह्यांना प्रश्न सुचले. धातू कुठला बसवता? घासतं कशावर? आणि शेवटी, "वंगण काय घालता?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक नमुन्याचा सांधा काढून ह्यांच्या हातात दिला. वरचा भाग चकचकीत धातूचा, मांडीच्या हाडाच्या टोकासारखा गोलवा असलेला. खालचाही धातूचा, सपाट. आणि मध्ये पांढऱ्या प्लास्टिकची जाड चकती. "धातूवर धातू घासत नाही," डॉक्टर म्हणाले, "धातू प्लास्टिकवर सरकतो. आणि वंगण शरीर स्वतःचं तयार करतं. आपण घालायचं नाही." ह्यांनी नखानं ती चकती दाबून बघितली, धातूवरून बोट फिरवलं. लेथवरून उतरलेला नग तपासताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा. मग तो सांधा माझ्याकडं आला. वाटला होता त्यापेक्षा जड होता. हे वजन आपल्या पायात राहणार, असं मनात आलं, आणि भीतीपेक्षा मला त्याची उत्सुकताच जास्त वाटली.

दवाखान्यात दोन खाटांची खोली मिळाली. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती, सत्तरी ओलांडलेली, काटक, कपाळावर बारीक गंध. तिचं ऑपरेशन माझ्या आधीच झालं होतं. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाडजूड उशी पट्ट्यांनी बांधली होती आणि त्या उशीमुळं ती जरा रागावलेली दिसत होती.

मी पिशवी ठेवली तोवर तिनं विचारलं, "गुडघा?"

"व्हय. डावा. तुमचं?"

"खुबा. वासराचं दावं सोडायला गेलते. त्यानं वढलं, मी पडले. वासरू गेलं निघून, मी तिथंच." ती निपाणीकडच्या एका खेड्यातली होती. जैन शेतकऱ्याचं घर, ऊस आणि तंबाखू. मुलगा तिच्याशी मराठीत बोलायचा, सून कन्नडमध्ये, आणि ती स्वतः एकच वाक्य दोन्हींमध्ये मिळून बोलायची. सगळे तिला आक्का म्हणत. मीही म्हणायला लागले. ती मला बाई म्हणू लागली, कारण मी शिक्षिका होते हे तिनं पहिल्याच तासात माझ्याकडून काढून घेतलं.

"मग बाई, सांगा बघू," ती म्हणाली, "माझ्यात काय घातलंय ह्यांनी?"

मी मूठ वळून दुसऱ्या हाताच्या पोकळीत धरली आणि फिरवून दाखवली. तिनं पडल्या पडल्या आपली मूठ करून बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत नेलं. पाठीच्या मणक्यात सुई दिली आणि कमरेखालचं अंग हळूहळू कुणा दुसऱ्याचं झालं. आधी ऊब वाटली, मग जडपणा, मग काहीच नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोपेचं औषध देऊ? काही कळणार नाही." मी म्हणाले, "नको. ऐकायचं आहे." त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मध्येच नको वाटलं तर सांगा."

छातीपुढं हिरवा पडदा होता. पलीकडचं काही दिसत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं. आधी बोलणं, कन्नड आणि इंग्रजी, शांत आवाजातलं. मग करवतीचा आवाज, दाताच्या डॉक्टरकडं येतो तसा, पण जाड. मग हातोडी. हातोडीची मी अपेक्षाच केली नव्हती. टक् टक् टक्, आणि प्रत्येक ठोक्याला माझं सगळं अंग टेबलावर जरासं पुढं सरकत होतं. दुखत मात्र काहीच नव्हतं. हा अनुभव कसा सांगावा ते मला अजून कळत नाही. आपल्यावर ठोकाठोकी चालली आहे, आपण हलतो आहोत, आणि तरी आपण बाजूला बसून ऐकतो आहोत. मग एक उग्र वास आला, नेलपॉलिशसारखा. मी विचारलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिमेंट आहे. सांधा हाडाला चिकटवायचं." सिमेंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं घमेलं आणि थापी आली.

सगळं संपत आलं तेव्हा मी पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "डॉक्टर, काढलेलं हाड बघायला मिळेल का?"

मग डॉक्टर म्हणाले, "नक्की बघायचंय?"

"नक्की."

सिस्टरनं स्टीलच्या ताटलीत ते आणलं आणि माझ्या चेहऱ्याजवळ धरलं. तुकडे होते. पिवळसर पांढरे, कडेला ओबडधोबड, काट्यांसारखी वाढ झालेली. पण एका तुकड्याचा मधला भाग तुकतुकीत होता, हस्तिदंतासारखा. सिस्टरनं सांगितलं की कूर्चा पार गेली की हाडावर हाड घासून अशी चकाकी येते. मी शाळेत शिकवायची, कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकावरची मऊ गादी. ती गेलेली जागा कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मला छळणारी गोष्ट अशी सुरेख, गुळगुळीत असेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "बस, बघितलं." आणि का कोण जाणे, "थँक्यू" असंही म्हणाले. डॉक्टरांना की हाडाला, ते मलाच माहीत नाही.

खोलीत आल्यावर आक्कांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते हाड कुठं जातं?"

"दवाखानाच विल्हेवाट लावतो. पिवळ्या पिशवीत घालतात म्हणे."

"माझा बी गोळा तसाच गेला असंल." आक्का छताकडं बघत म्हणाल्या. "मला दाखवलाच न्हाय. इच्यारायला पायजे हुतं. सत्तर वर्सं वागवला मी त्याला."

मग आमची शिकवणी सुरू झाली. व्यायाम करून घेणारी फिजिओ हुबळीकडची होती, तिशीतली, हसरी आणि अजिबात दया न करणारी. तिचं मराठी तोडकं होतं, त्यामुळं अडलं की ती कन्नडवर यायची. माझ्याकडं आली की म्हणायची, "मडचरी, बाई, मडचरी," म्हणजे वाकवा, दुमडा. आक्कांकडं वळली की तिचा सूर बदलायचा. "मडचब्याड्री." वाकवू नका. मला सांगे, गुडघा काटकोनाच्या पुढं गेलाच पाहिजे. आक्कांना सांगे, कंबरेतून काटकोनाच्या पुढं वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या आसनावर बसायचं नाही, खाली पडलेली वस्तू उचलायची नाही. एका खोलीत दोन खाटा आणि दोन उलटे नियम.

आक्का म्हणाल्या, "ह्या पोरीचं काय खरं न्हाय. तुमाला वाकवती, मला सरळ करती."

उभं राहताना मी वॉकर इतका घट्ट धरला होता की तळहातावर वळ उठले. नवा पाय जमिनीवर टेकला तेव्हा तो लाकडी वाटला. दुखणं आधीच्या दुखण्यापेक्षा वेगळं होतं. जुनं दुखणं खोल आणि मळकट, हे नवं, ताणाचं, टाक्यांचं, सुजेचं. आक्का पलीकडून म्हणाल्या, "बाई, पावलाकडं बघू नका. खिडकीकडं बघा. मी तसंच केलतं." मी खिडकीकडं बघितलं आणि दारापर्यंत जाऊन आले.

आक्का सूर्यास्तानंतर काही खात नसत, पाणीसुद्धा घेत नसत. मुलगा शहरातल्या नातेवाइकांकडून डबा घेऊन उजेडातच यायचा, कांदा-लसूण-बटाटा नसलेला. दवाखान्याचं जेवण आठ वाजता यायचं ते परत जायचं. गोळ्यांची वेळ डॉक्टरांनी त्यांच्यासाठी अलीकडं घेतली होती. पण एक दिवस व्यायाम जास्त झाला आणि दिवेलागणीला त्यांना फार दुखायला लागलं. गोळी घेईनात. सिस्टर म्हणाल्या, "सलाइनमधून देते, गिळायचं नाही."

आक्का माझ्याकडं वळल्या. "बाई, तुमी सायन्स शिकिवलंय. सुईतनं गेलेलं खाल्लं धरत्यात का?"

मी विचार केला. "तोंडातून पोटात गेलं तर खाणं. हे शिरेतून थेट रक्तात जातं."

"पण सलाइननं भूक भागती की. माझा दीर कैक दिवस त्यावरच हुता."

आम्ही दोघी त्या लोंबत्या बाटलीकडं बघत बसलो, सिस्टर सुई हातात धरून थांबल्या. शेवटी आक्का म्हणाल्या, "घेते. आमचे महाराज गावात आले की इच्यारीन. चुकलं असंल तर एक उपास जादा करीन." महाराजांनी काय सांगितलं, ते मी पुढं विचारायचं विसरले.

आक्का माझ्या आधी घरी गेल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवून, वॉकर सरळ रेषेत टाकत, मुलाच्या गाडीच्या उंच सीटवर उशी घालून. आठवड्यानं मीही आले.

घरी आल्यावर माझं गाडं अडलं. दवाखान्यात सगळे आजूबाजूला असताना जे जमत होतं ते इथं जमेना. गुडघा काटकोनाच्या अलीकडंच एका जागी येऊन थांबायचा, जणू आत कुणी पाचर ठोकली आहे. घरी येणारी दुसरी फिजिओ सांगायची, अजून थोडं, अजून थोडं. मी घामाघूम व्हायची आणि पाय सरळ करून टाकायची. हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघत. एकदा म्हणाले, "जॅम झालंय." मला राग आला. मी म्हणाले, "हे मशीन न्हाय." ते उठले आणि बर्फाची पिशवी घेऊन आले. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, असंच राहिलं तर परत भूल देऊन वाकवावा लागेल. मी घरी येऊन रडले. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती, की एवढं हौसेनं ऐकत ऑपरेशन करून घेतलं आणि साधं वाकवायला घाबरते.

त्याच सुमाराला आक्कांच्या मुलाचा फोन आला. आईला परत दाखल केलं होतं. खुब्याचा गोळा वाटीतून निसटला होता.

माझी तपासणी होतीच, तेव्हा मी काठी टेकत त्यांच्या वॉर्डात गेले. गोळा पुन्हा बसवला होता, चिरफाड न करता, भूल देऊन, ओढून. आक्का उशी बांधून पडल्या होत्या, पहिल्या दिवशी बघितलेल्या तशाच. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही. उलट खुणेनं जवळ बोलावलं.

"काय झालं आक्का?"

"काय हुतंय. सकाळी पूजा करायची. लई दिवस खुर्चीत बसून हात जोडत हुते, मनाला लागंना. म्हटलं, एवढा दम धरला, आता एक दिवस पाटावर बसते. सून आत हुती. बसले, काय झालं न्हाय. मग गंधाच्या वाटीसाठी वाकले आणि आतनं खट् झालं. पाय असा आत वळला, न् आखूड झाला." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याहून जास्त कोडं पडल्यासारखं होतं. "बसले तवर काय न्हाय. वाकल्यावरच का? तेवढं सांग बघू."

त्या मला तू म्हणायला लागल्या होत्या. ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

टेबलावर त्यांचा डबा होता. त्यात आमटीचा लहान डाव होता आणि स्टीलची वाटी. मी वाटी उजव्या हातात आडवी धरली आणि डावाचं गोल बूड तिच्यात टेकवलं. "ही वाटी म्हणजे तुमचा खुबा. हा डाव म्हणजे मांडीचं हाड. हे बघा, इकडं फिरवा, तिकडं फिरवा, बूड आतच राहतं." मग मी डावाचा दांडा हळूहळू कलता करत नेला. दांडा वाटीच्या काठाला टेकला. "इथपर्यंत काही होत नाही. आता ह्याच्या पुढं दाबलं तर?" मी दाबलं. दांडा काठावर अडकला आणि बूड टुणकन बाहेर आलं.

आक्कांनी माझ्या हातातून दोन्ही वस्तू घेतल्या. पडल्या पडल्याच छातीवर वाटी धरून त्यांनी डाव कलता केला. टुणकन. परत बसवला. परत कलता केला. खाटेजवळून जाणारी सिस्टर बघायला थांबली. आक्का जिथं दांडा काठाला टेकतो तिथं थांबून बघत होत्या, अगदी बारकाईनं, दुधावर साय धरली की नाही बघावं तसं.

"पाटावर बसले तवा दांडा इथं आला," त्या म्हणाल्या. "वाकले तवा काठावरनं पलीकडं. व्हय न्हवं?"

"तसंच."

"डॉक्टरांनी सांगितलतं. लई वेळा सांगितलं. मी आपलं हां हां म्हणत गेले. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सगळंच नको म्हणत्यात." वाटी खाली ठेवून त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. "आता तुझं काढ. कुठवर आलाय?"

मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले आणि पाय खाली सोडला. नेहमीच्या जागी येऊन तो थांबला.

"तुझ्यातनं काय निसटतं का?"

"न्हाय."

"तुटतंय का काय?"

हे मी कधी विचारलंच नव्हतं. शाळेत मुलांना सांगायची, कळलं नाही तर हात वर करा, आणि स्वतःच्या गुडघ्याबाबतीत हात खालीच ठेवला होता. मला वाटत होतं की टाके उसवतील, ते सिमेंट सुटेल, चकती सरकेल. तपासणीच्या खोलीत गेले तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही वाकवल्यानं काही तुटणार नाही. जखम भरताना आतला पापुद्रा चिकटत चाललाय. तुम्ही ताणलं की तो सुटतो. ताणलं नाही तर तो तसाच घट्ट होतो. दुखणार, पण ते मोडल्याचं दुखणं नाही, सुटल्याचं आहे."

मी परत आक्कांच्या खाटेवर येऊन बसले आणि त्यांना हे सांगितलं. "मग हितंच कर," त्या म्हणाल्या. "मी हाय की." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात खरखरीत आणि कोरडा होता. मी उजवा पाय डाव्याच्या पुढं टेकवला आणि मागं रेटायला लागले. कळ आली. मी थांबणार होते, पण ह्या वेळी थांबून बघितलं की कळ कशी आहे. ताणाची होती. आतून काहीतरी चरचरत लांबत होतं, ओलं कापड फाटावं तसं, आणि मग पाय थोडा मागं गेला. फार नाही. पण जिथं पाचर होती, तिथून पुढं. डोळ्यांतून पाणी आलं. आक्का म्हणाल्या, "दुखतंय?"

"लई."

"पर गेला मागं," त्या म्हणाल्या. "मी बघितला."

त्यानंतरही सोपं काहीच झालं नाही. रोज सकाळी तीच कळ. पण आता मला ती कशाची आहे ते माहीत होतं, आणि मी रडत का होईना, तिच्या पलीकडं जाऊ शकत होते. भूल देऊन वाकवायची पाळी आली नाही. गुडघा बराच वाकतो. पूर्ण नाही. मांडी घालून मी पंगतीत बसू शकत नाही, आणि कुणी आग्रह केला की आता मी संकोच न करता खुर्ची मागते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर आहे, तिथं डास चावला तरी कळत नाही. गुडघा कित्येक महिने गरम असायचा, ताप आल्यासारखा. आणि चालताना कधी कधी आतून बारीक टिकटिक येते. ह्यांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कान गुडघ्याला लावून बसले होते. त्यांचं निदान असं की धातू आणि प्लास्टिक मध्येच सुटून परत टेकतात. डॉक्टरांनीही तेच सांगितलं तेव्हा त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

वर्षभरानं, थंडीत, आम्ही दोघं आक्कांच्या गावी गेलो. निपाणीला उतरल्यावर त्यांचा मुलगा घ्यायला आला होता. आक्का दारात उभ्या होत्या, हातात काठी, पण टेकलेली नाही. घरात पूजेची जागाच त्यांनी वर उचलून घेतली होती. मूर्तीचा चौरंग गवंड्याकडून ओट्यावर बसवून घेतला होता आणि समोर एक उंच स्टूल. बसल्यावर गंधाची वाटी हाताच्या उंचीवर. "मन लागतं का आता?" मी विचारलं. "कधी लागतं, कधी लागत न्हाय," त्या म्हणाल्या. "पाटावर तरी कुठं रोज लागायचं?"

आम्ही आलो आहोत हे कळल्यावर शेजारच्या बायका जमल्या. तीन-चार जणी होत्या, बहुतेक आक्कांच्याच वयाच्या, गुडघे धरून पायरी चढणाऱ्या. आक्कांनी माझी ओळख करून दिली ती बाई म्हणून नव्हे, तर "ही बघा, जागेपणी ऐकत पडलेली" अशी. एकीनं विचारलं, "हात लावून बघू?" मी साडी जरा वर केली. तिनं व्रणावरून बोट फिरवलं, मग दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले, तान्ह्या पोराचा ताप बघावा तसे. थंडीत गार पडतं का, पावसाळ्यात ठणकतं का, देवळात दंडवत घालता येतो का, असे एकेक प्रश्न आले. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं आणि जे नव्हतं ते माहीत नाही म्हणाले.

सगळ्यांत म्हातारी होती तिनं बराच वेळ काही विचारलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "आणि मागनं? चितेवर जळतंय का ते?"

सून चहाचे कप घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांनी घसा साफ केला. "जळायचं न्हाय," ते म्हणाले. "लाकडाच्या आगीत तो धातू वितळत न्हाय. काळा पडंल. प्लास्टिक जाईल, धातू राखेत राहील."

"तसाच?" आक्कांनी विचारलं.

"तसाच."

आक्कांनी आपल्या खुब्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "पोराला सांगून ठेवते. न्हायतर अस्थी गोळा करताना दचकंल." आणि त्यांनी सुनेच्या हातातून कप घेऊन पहिला त्या म्हातारीला दिला.

ऊन उतरायच्या आत आक्कांना जेवायचं होतं, म्हणून आम्हीही लवकरच जेवलो. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. मुलानं आम्हाला हमरस्त्यावर बसला सोडलं. बसची पायरी उंच होती. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, हा फिजिओचा नियम मी मनात म्हणायला गेले आणि तिथंच अडले. उजवा गुडघा अलीकडं करकरायला लागला होता. चांगला आता कुठला?

"काय झालं?" हे मागून म्हणाले.

"काय न्हाय," मी म्हणाले, आणि डावा पाय टाकून वर चढले.